मुलाच्या वयाप्रमाणे धर्मशिक्षण: गोव्यातल्या मराठी ख्रिस्ती पालकांसाठी

पयल्या कुमगाराला, म्हणजे मुलाच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाला, दोन महिने राहिले की पालक भेटायला येतात आणि बहुतेक सगळे एकच विचारतात, "टीचर, काय काय पाठ करून घ्यायचं?" मूळ चूक या प्रश्नातच आहे. सात-आठ वर्षं मुलाशी देवाविषयी फारसं काही बोललेलं नसतं आणि आता आठ आठवड्यांत दहा आज्ञा, सात संस्कार आणि पश्चात्तापाची प्रार्थना त्याच्या तोंडी बसवायची असते. मूल पाठ करतं, पांढरे कपडे घालून फोटो काढतं आणि पुढच्या जूनपर्यंत सगळं विसरतं.

मी वसईची. लग्नानंतर गोव्यातल्या बार्देशात आले आणि गेली बरीच वर्षं रविवारी दोतोर्नाच्या (धर्मशिक्षणाच्या) वर्गात शिकवते. या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: प्रत्येक वयाला स्वतःचं काम असतं आणि ते त्याच वयात करावं लागतं. खालचा क्रम कॅथलिक घरांना धरून लिहिला आहे. अहिल्यानगर, कोल्हापूरकडून गोव्यात आलेल्या प्रोटेस्टंट कुटुंबांत संस्कारांची रीत वेगळी असली, तरी वयाविषयीचं जवळजवळ सगळं त्यांनाही लागू पडेल.

## टप्पा १: सुरुवातीची तयारी

दाखला आधी मिळवा. बाप्तिस्मा वसईत, मुंबईत किंवा पुण्यात झाला असेल, तर तिथल्या चर्चमधून दाखला आणावा लागतो. तो ऐनवेळी मागवू नका. पुढे दृढीकरणाची (कन्फर्मेशनची) आणि लग्नाची नोंदही बाप्तिस्म्याच्या त्या मूळ वहीतच केली जाते. म्हणून मुलाचं आणि आईबापांचं नाव जन्मदाखल्याशी जुळतं का, हे आत्ताच पाहा. अक्षरांची चूक आत्ता सोपेपणी सुटते, पंचविसाव्या वर्षी लग्नाच्या घाईत फार त्रास देते.

प्रार्थनेची भाषा ठरवा. गोव्यातल्या मराठी घरांची खरी अडचण ही आहे आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. मूल घरी "हे आमच्या स्वर्गातील पित्या" ऐकतं, चर्चमध्ये "आमच्या बापा, सर्गींच्या" आणि शाळेत तीच प्रार्थना इंग्रजीत. पाच वर्षांच्या मुलाला या तीन वेगळ्या प्रार्थना वाटतात आणि तिन्ही अर्धवट राहतात.

माझा सल्ला असा: सात वर्षांचं होईपर्यंत घरात एकच भाषा ठेवा. कोणती? आजारी माणसाच्या उशाशी बसून तुम्ही ज्या भाषेत आपसूक प्रार्थना करता, ती. चर्चमधली कोंकणी मुलाच्या कानावर गाण्यांतून पडू द्या, घरी तिची परीक्षा घेऊ नका. सातव्या वर्षी वही घ्या, डाव्या पानावर मराठी ओळ, उजव्या पानावर कोंकणी ओळ, दोन्ही देवनागरीत, आणि रोज एक ओळ. कोंकणी पुस्तकं बहुतेक रोमी लिपीत असतात आणि इंग्रजी शाळेतली मुलं ती इंग्रजीसारखी वाचतात. 'पवित्र जांव' मधल्या 'जांव'चं सरळ 'झाउम' होतं. देवनागरीत लिहून दिलं की ही अडचण राहत नाही.

घरात जागा ठरवा. गोव्यातल्या जुन्या घरांत अल्तार (प्रार्थनेची वेदी) असतो, भाड्याच्या फ्लॅटमध्ये नसतो. एक फळी, एक क्रूस, एक मेणबत्ती आणि बायबल पुरे. फळी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवी. वरच्या कोपऱ्यातला क्रूस फक्त मोठ्यांना दिसतो.

तपासा: दाखला हातात आहे, भाषा ठरली आहे, जागा झाली आहे. आईबाप दोघांना आणि आजीआजोबांना हे ठाऊक आहे.

## टप्पा २: जन्म ते तीन वर्षं

या वयात शिकवायचं फार थोडं असतं, पण जे असतं ते रोज करायचं असतं.

१. धर्ममाता-धर्मपिता जवळचे निवडा. नियम सोपा आहे: ती व्यक्ती साधारणपणे सोळा वर्षं पूर्ण झालेली, दृढीकरण झालेली, श्रद्धेने वागणारी कॅथलिक असावी आणि मुलाची आई किंवा बाप नसावी. एक असली तरी चालते, दोघं असतील तर एक स्त्री आणि एक पुरुष. लोक आखातातल्या मामाला मान देतात आणि मामा तीन वर्षांतून एकदा येतो. ज्याचा हात मुलाच्या डोक्यावर वारंवार पडेल, असा माणूस शोधा.

२. रोज रात्री झोपवताना अंगठ्याने मुलाच्या कपाळावर क्रूस काढा. तेच शब्द, तीच वेळ. दोन वर्षांचं मूल एक दिवस तुमचा अंगठा धरून स्वतःच कपाळाकडे नेतं. त्या दिवशी पहिला धडा झाला असं समजा.

३. मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) पुढच्या बाकावर बसा. रडलं तर पटकन बाहेर नेता यावं म्हणून पालक मागे बसतात. मागून मुलाला फक्त पाठी दिसतात, म्हणून ते कंटाळतं आणि रडतं. बाजूच्या दाराजवळ, पण पुढे बसा.

## टप्पा ३: तीन ते सहा

या वयाचं मूल ऐकून कमी आणि हाताळून जास्त शिकतं. 'कृपा', 'तारण', 'पवित्र त्रैक्य' हे शब्द तीन वर्षं बाजूला ठेवा. त्यांच्याऐवजी मेंढपाळ, मोहरीचा दाणा, दिवा, पाणी, भाकर. येशूनेही दाखले दिले ते याच वस्तूंचे.

क्रम असा ठेवा:

१. आधी वस्तू हातात द्या. मोहरीचा एकच दाणा तळहातावर ठेवा आणि मुलाला पाहू द्या. घाई करू नका.
२. मग गोष्ट सांगा. पाच मिनिटं, त्याहून जास्त नको.
३. मग थांबा. "यातून काय शिकलास?" हे विचारू नका. मूल काही बोललं तर ऐका, नाही बोललं तरी चालेल.
४. शेवटी एक छोटी प्रार्थना. "येशू, धन्यवाद" एवढीही पुरते.

गोव्यात राहण्याचा मोठा फायदा इथे मिळतो, कारण वर्षाचं पंचांगच हातात वस्तू देतं. २४ जूनला सांव जांव, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा सण असतो. मुलाच्या डोक्यावर फुलांचा कोपेल चढतो, पोरं विहिरीत उड्या मारतात. त्याच दिवशी सांगा: मरिया एलिझाबेथला भेटायला गेली, तेव्हा पोटातल्या योहानाने आनंदाने उडी मारली. ऑगस्टमध्ये भाताच्या नव्या कणसांचं फेस्त (सण) येतं, राय गावात ते ५ ऑगस्टला असतं. आशीर्वादाचं कणीस घरी आणून मुलाच्या हाताने अल्ताराला लावा. ६ जानेवारीला रेईश मागूशला किंवा चांदरला राजांच्या वेशातले मुलगे पाहिले की बाळ येशूला भेटायला आलेल्या मागी लोकांची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. वाड्यावरच्या खुरसाकडे (क्रूसाकडे) लादीन, म्हणजे सगळ्यांनी गाऊन केलेली प्रार्थना, असली की मुलाला न्या. लादिनीनंतर मिळणारे उकडलेले चणे त्याला गाण्याआधी आठवतील. त्यात काही बिघडत नाही, चण्यांच्या निमित्ताने ते पुढच्या वेळीही येईल.

सावधान, भीती घालू नका. "खोटं बोललास तर देव शिक्षा करील", "जेवला नाहीस तर येशू रडेल" ही वाक्यं आजीपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतात. पाच वर्षांचं मूल ती शब्दशः घेतं. ताप आला की त्याला ती शिक्षा वाटते. घरातल्या वडीलधाऱ्यांना नम्रपणे, पण स्पष्ट सांगा.

सावधान, शुभ शुक्रवार. रक्ताने माखलेली मूर्ती, काळे कपडे, घंटेच्या जागी वाजणारी लाकडी मात्राक. हे सगळं लहान मुलाला फार जड जातं. न्यायचं असेल तर आधी घरी गोष्ट पूर्ण सांगा, पुनरुत्थानापर्यंत. थडग्याशी गोष्ट तोडून मुलाला झोपवू नका. आणि ईस्टरच्या पहाटेला न्यायला विसरू नका. शुक्रवारी नेतात आणि रविवारी झोपू देतात अशी घरं मी बरीच पाहिली आहेत.

## टप्पा ४: सात ते नऊ, कुमसार (पापांची कबुली) आणि पयलो कुमगार

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

चर्चच्या कायद्याप्रमाणे सात वर्षं पूर्ण झाली की मुलाला विवेक आला असं धरलं जातं. १९१० साली पोप दहावे पायस यांनी कुमगाराचं वय साधारण सातवर आणलं, तेही याच आधारावर. मुलाला ख्रिस्तप्रसाद आणि साधी भाकर यांतला फरक आपल्या कुवतीप्रमाणे कळला पाहिजे, अपेक्षा एवढीच आहे. प्रत्यक्ष कोणत्या इयत्तेत देतात, ते तुमच्या चर्चमध्ये विचारा.

पायरी १: मिस्सा ओळखू द्या. सहा महिने आधी सुरू करा. दर रविवारी एकच भाग: या रविवारी फक्त वाचनं ऐकायची, पुढच्या रविवारी फक्त भाकर आणि द्राक्षारस वेदीवर कधी नेतात ते पाहायचं. घरी आल्यावर मुलाला सांगू द्या. तुम्ही चुका काढू नका, पुढच्या रविवारी दोघं मिळून पुन्हा पाहा.

पायरी २: चूक आणि पाप वेगळं करा. ही पायरी लोक गाळतात. हातातून ग्लास पडून फुटला, ती चूक. ग्लास मी फोडला नाही म्हणून धाकट्या बहिणीचं नाव सांगितलं, ते पाप. मुलाला चार-पाच प्रसंग सांगा आणि कोणता काय, ते त्याला ठरवू द्या. गृहपाठ विसरला? मुद्दाम केला नाही? मित्राला लागलं? मित्राला लागावं म्हणून ढकललं?

तपासा: मुलाने स्वतःच्या मनाने एक प्रसंग सांगितला आणि त्यातला फरकही सांगितला, तरच पुढे जा. नाही जमलं तर आणखी दोन आठवडे इथेच राहा.

पायरी ३: कुमसार. पहिल्या कुमगाराआधी कुमसार व्हायला हवा, हा क्रम चर्चने ठरवलेला आहे. तयारी फक्त तीन गोष्टींची करा: आत गेल्यावर काय म्हणायचं, पश्चात्तापाची प्रार्थना आणि फादर देतील ते प्रायश्चित्त लगेच पुरं करणं. पापं कोणती सांगायची, हे मूल स्वतःच ठरवील.

काही वर्षांपूर्वी कुमसाराच्या रांगेत एक मुलगा घामाघूम होऊन उभा होता. मुठीत चुरगळलेली चिठ्ठी. मी विचारलं तर त्याने मूठ उघडली. निळ्या पेनाने, सुबक अक्षरात आठ पापं लिहिलेली. अक्षर आईचं होतं. तो म्हणाला, "टीचर, यातली तीन मी केलेली नाहीत, पण मम्मी म्हणाली सांग." मी चिठ्ठी घेऊन घडी घातली आणि त्याला म्हटलं, "तुला आठवतात तीच सांग." तो आत गेला आणि बाहेर आला तो उड्या मारत. त्या आईने वाईट हेतूने लिहिलं नव्हतं. पण त्या चिठ्ठीमुळे मुलगा देवासमोर खोटं बोलायच्या तयारीत उभा होता.

सावधान: बाहेर आल्यावर "काय सांगितलंस?" हे कधीही विचारू नका, गमतीनेही नाही. फादर ते कुणालाही सांगू शकत नाहीत, तुम्हालासुद्धा नाही. हे मुलाला आधीच सांगा, त्याची अर्धी भीती तिथेच जाते. कुमसाराच्या दिवशी घरी रागावणंही टाळा.

पायरी ४: ख्रिस्तप्रसाद. शेवटच्या जेवणाची गोष्ट सांगा, शक्य असेल तर घरच्या टेबलावर पाव मोडून. मग मुलाचे प्रश्न येऊ द्या. एका मुलीने मला विचारलं होतं, "दाताने चावलं तर येशूला दुखतं का?" तिला हसू नका, असं मी वर्गाला सांगितलं, कारण प्रश्न खरा होता. उत्तर द्यायचं ते असं: येशू मेलेल्यांतून उठला आहे, त्याला आता दुखत नाही. प्रसादाचे तुकडे झाले तरी प्रत्येक तुकड्यात तो पूर्ण असतो. तो आपल्याला स्वतःला देतो, कारण त्याला आपल्यात राहायचं आहे. सात वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं.

सरावासाठी आशीर्वाद न केलेली होस्त (प्रसादाची पातळ चकती) चर्चकडे किंवा मठात धर्मभगिनींकडे मागा. गव्हाचं पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. कोरड्या तोंडाला ती टाळूला चिकटते आणि मूल घाबरतं. दोन-तीनदा खाऊन पाहिली की ऐनवेळी लक्ष चिकटण्याकडे जात नाही. हातावर घ्यायचं की जिभेवर, ते वर्गात दाखवतील तसंच घरी करा. आणि ही होस्त सरावाची आहे, हे प्रत्येक वेळी सांगा, नाहीतर दोन्हींतला फरकच पुसला जातो.

प्रसाद घेण्याआधी एक तास काही खायचं नाही. पाणी आणि औषध चालतं. काही घरांत मुलाला सकाळपासून उपाशी ठेवतात आणि मूल चक्कर येऊन बसतं. त्याची गरज नाही.

पायरी ५: तो दिवस, आणि पुढचा रविवार. हॉल, केक, कपडे, पाहुणे यांच्याविषयी एवढंच म्हणते की मुलाला आदल्या रात्री लवकर झोपवा. खरी परीक्षा पुढच्या रविवारी असते. दुसऱ्या कुमगाराला फोटो नसतो, नवा ड्रेस नसतो. त्या रविवारी आईबाप मुलासोबत रांगेत उभे राहिले, तर सहा महिन्यांची मेहनत टिकते.

## टप्पा ५: दहा ते बारा

समोर कोणताही संस्कार नसतो, म्हणून ही वर्षं मोकळी सोडली जातात. पण या वयात मुलाला क्रम, नकाशे आणि शूर माणसं आवडतात. बायबलच्या सुट्या गोष्टी आता एका दोरीत ओवा: अब्राहाम, मोशे, दावीद, हद्दपारी, येशू. भिंतीवर कागदाची लांब पट्टी लावा आणि मुलालाच चित्रं काढू द्या.

संत निवडताना आपल्या मातीतला घ्या. बाणावलीत १६५१ साली जन्मलेले संत जुझे वाझ डचांची सत्ता असलेल्या श्रीलंकेत वेश बदलून गेले आणि लपूनछपून लोकांची सेवा केली. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं गेलं. ही गोष्ट सांगून मुलांना त्यांचं तीर्थस्थान असलेल्या सांकवाळला न्या. मला दर वर्षी त्या दिवसानंतरच्या वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न ऐकू येतात.

जबाबदारी द्या: वेदीसेवक, गायनमंडळ, घरी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) चालू करणं.

सावधान: मांस न खाण्याचा नियम चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतो, उपासाचा अठरा वर्षांनंतर. दहा वर्षांच्या मुलावर चाळीस दिवसांचा उपास लादू नका. काय सोडायचं, ते त्याला निवडू द्या. मोबाइलवरचा खेळ सोडला तर तोही खरा त्याग आहे.

## टप्पा ६: तेरा ते सोळा, दृढीकरण

आता मुलगा म्हणतो, "हे सगळं खरं कशावरून?" पालक दचकतात आणि आवाज चढवतात. प्रश्न विचारणारं मूल अजून तुमच्याशी बोलतंय, एवढं लक्षात ठेवा.

१. वर्गात किंवा घरात प्रश्नपेटी ठेवा, चिठ्ठ्यांवर नाव नको. माझ्या पेटीत दर वर्षी हटकून येणारा प्रश्न असा: "आपला देव खरा आणि शेजाऱ्यांचा खोटा का?" गोव्यात मुलं चवथीला मित्राच्या घरी नेवऱ्या खातात, नाताळला कुस्वाराचं (गोडधोडाचं) ताट त्याच घरी पोचवतात. म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीच्या (मरियामातेच्या) फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन येतात, हेही त्यांनी पाहिलेलं असतं. उत्तर मोघम देऊ नका. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट म्हटलं की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, ते चर्च नाकारत नाही. आपण येशूवर विश्वास का ठेवतो, हे शेजाऱ्याला कमी न लेखता सांगता येतं. तसं सांगून दाखवा.

२. उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, शोधते" म्हणा आणि आठवड्याच्या आत शोधून परत या. परत न येणं हीच मोठी चूक.

३. पवित्र आत्म्याची सात दानं नुसती पाठ करून घेऊ नका. गेल्या महिन्यात तुला कोणता निर्णय अवघड गेला, हे विचारा आणि तिथे सुमंत्रणा किंवा धैर्य कुठे लागलं असतं, यावर बोला.

४. दृढीकरणासाठी आधार म्हणून उभी राहणारी व्यक्ती शक्यतो बाप्तिस्म्याचीच धर्ममाता किंवा धर्मपिता असावी. म्हणून टप्पा २ मधली निवड महत्त्वाची.

५. संस्काराआधी मुलाला एकट्याला विचारा, "तुला हे घ्यायचं आहे का?" बाप्तिस्म्याची वचनं त्याने आता स्वतः नव्याने द्यायची असतात. "सध्या नको" असं उत्तर आलं तर कारण ऐका, फादरशी बोला आणि एक वर्ष थांबा. नातेवाईक काय म्हणतील, हे थांबू नये याचं कारण होऊ शकत नाही.

तपासा, सगळ्या वयांसाठी: वर्गाचं दार उघडं असतं का? एका मुलासोबत एकच मोठा माणूस बंद खोलीत कधी नसतो ना? मूल एखाद्या माणसाकडे जायला नको म्हणत असेल, तर "देवाच्या कामाला नाही म्हणू नये" असं त्याला सांगू नका. आधी त्याचं ऐका.

दृढीकरण झाल्यावर त्याच महिन्यात मुलाला एक काम मिळालं पाहिजे: टप्पा ३ च्या मुलांना गोष्ट सांगायला मदत करणं, वाचक म्हणून नाव देणं, आजारी शेजाऱ्याकडे फादरबरोबर जाणं. तारीख आणि काम संस्काराच्या आधीच ठरवून ठेवा, आणि पहिल्या दिवशी त्याला सोडायला तुम्ही स्वतः जा.